साडेतेरा इंच

माझ्या लग्नाची बैठक पुण्यात चालू होती. सासऱ्यांनी थोरल्या जावयाला अमेरिकेत फोन लावला आणि स्पीकरवर विचारलं, "मुलगा तिकडे नक्की करतो काय?" थोरले जावई टेक्सासमधल्या प्लेनोत टेलिकॉम इंजिनिअर होते. ते म्हणाले, "मोटेलमध्ये खोल्या साफ करतो. चादरी बदलतो." खरंच होतं ते. पण मी मॅनेजर आहे असं आईने पाच मिनिटांपूर्वीच अभिमानाने सांगितलं होतं. खोलीतली सगळी माणसं आईकडे बघायला लागली. तिने हातातला चहाचा कप न पिता खाली ठेवला. मुलगी हट्टाला पेटली म्हणून लग्न झालं. तो कप मी विसरलो नाही.

२००२मध्ये साडूची नोकरी गेली. प्लेनोत तेव्हा नोकरी गेलेल्या टेलिकॉमवाल्यांची रांगच लागली होती. माझी मात्र ऑफिसांमध्ये केबल टाकायची कंपनी उभी राहिली होती, तीही चादरी बदलून साठवलेल्या पैशांवरच. साडूला नोकरी देऊन त्याच्या व्हिसाचे कागद कुठल्यातरी कंपनीने लगेच करायला हवे होते. नाहीतर दोन मुलींच्या शाळा सोडवून परत जायचं. बायको म्हणाली, "त्यांना तोंड उघडून मागायला लावू नका. तुम्हीच हो म्हणा."

मी म्हटलं, "शनिवारी मासे धरायला येतात का विचार."

ते आले. शर्टाला इस्त्री, हातात मेव्हणीने दिलेला थालीपिठांचा डबा. आयुष्यात कधी अंडंही न खाल्लेला माणूस. तळ्याच्या काठावर मी दोन खुर्च्या उघडल्या आणि मातीने भरलेला डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"गांडूळ लावा."

"मी?"

"स्वतःहून गळावर चढणारं गांडूळ अजून अमेरिकेतही निघालेलं नाही, साडूभाऊ."

त्यांनी तोंड फिरवून लावलं. दोनदा बोटात गळ घुसला. मी सांगलीला नदीवर असलीच गांडुळं गळाला लावत वाढलोय, मला हसू आवरेना. दोरा पाण्यात पडल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"मला तुमच्याशी जरा त्या कागदांबद्दल..."

"हळू. मासे पळतात."

तास गेला. ऊन चढलं. ते दर थोड्या वेळाने तोंड उघडायचे आणि मी पाण्याकडे बोट दाखवायचो. मग दोऱ्यावरचा तरंगता लाल-पांढरा गोळा बुडाला आणि त्यांना ब्लूगिल मासा लागला, तळहाताएवढा, पोटाशी नारिंगी. काट्यांनी त्यांचा हात फाडला, तरी चेहरा उजळला.

"छान आहे हो. सोडतो याला."

"सोडायचा कसा? आता पाठीत गळ घालून हाच पाण्यात टाकायचा. बास मोठा मासा, त्याला आमिष जिवंतच लागतं."

"जिवंत?"

"मेलेलं चाललं असतं तर सांगितलं असतं. कागदांचं काम हवंय ना? माझ्याकडे हाताने काम करणारी माणसं लागतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील. उठले असते तर कदाचित मीच हात धरून बसवलं असतं. पण ते उठले नाहीत. मासा तडफडत होता, त्यांनी गळ आरपार घातला, मग कितीतरी वेळ पाण्यात हात धूत बसले. थालीपिठांचा डबा उघडलाच नाही.

दुपारी रॉड वाकला. दहा मिनिटं झुंज देऊन त्यांनी बास काठावर आणला. बास निदान चौदा इंचांचा असला तरच घरी न्यायचा, असा तिथला सरकारी नियम. मी इंचपट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी शेपूट चिमटीत धरली, नीट मोजलं.

"साडेतेरा."

"परत मोजा."

"साडेतेराच आहे."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "साडूभाऊ, आपण सौदा करू. चौदा म्हणा. सोमवारी कागद वकिलाकडे जातील."

"पण नियम..."

"नियम सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या तोंडून चौदा ऐकायचंय."

बास गवतावर कल्ले उघडझाप करत होता. ते माशाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं.

"चौदा."

मी मासा उचलला आणि पाण्यात फेकला.

"खोटं बोलणारा माणूस मला कंपनीत नको," मी म्हटलं. "त्या दिवशी फोनवर हे एवढंसं खोटं बोलला असतात, तर आज विचारावंही लागलं नसतं."

त्यांना आधी कुठला फोन ते कळेना. मग कळलं. त्यांनी खुर्ची घडी करून माझ्या गाडीत ठेवली, माझीसुद्धा. वाटभर डबा मांडीवर धरून बसले.

घरी बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "त्यांनाच विचार. ते खरं सांगतात." त्यांनी सांगितलंही, सगळं, स्वतःच्या 'चौदा'सकट. दोन महिन्यांनी ते पुण्याला परत गेले. बायको त्यांना विमानतळावर सोडायला एकटी गेली.

मी आईला फोन करून सांगितलं, तुझ्या त्या कपाचं आज फिटलं. ती म्हणाली, "कसला कप? आणि त्या पोरींचं शिक्षण?"

मी फोन ठेवला. आई विसरली असेल. मी नाही.