चिंधी बांधलेल्या शेंगा

वेलीच्या घेवड्याला चढायला काहीही चालतं. बजाजनगरातल्या आमच्या गच्चीवर तो बंद पडलेल्या डिशच्या पाइपवर चढला, कपड्यांच्या दोरीवर चढला, आणि नवऱ्याची कारखान्याची पँट दोरीवर विसरली तेव्हा तिच्या पायातून आत शिरून कमरेतून बाहेर निघाला.

"ओढू नका, शेंडा तुटेल!" मी जिन्यातूनच ओरडले.

नवरा दुसरी पँट घालून ड्यूटीवर गेला.

तीन जाती लावल्या होत्या. एक चपटा, लांब शेंगांचा. कूट आणि काळा मसाला घालून भाकरीबरोबर खावा तर हाच. दुसरा जांभळा, दौलताबादकडच्या नर्सरीतून आणलेला. फूल जांभळं, देठ जांभळा, शेंग तर वांग्याला लाजवेल अशी. मी शेजारच्या भाभीला आठवडाभर सांगत होते, जांभळी भाजी खायला घालते म्हणून. (ती मला भाभी म्हणते, मी तिला. कोण कुणाची वहिनी हे आम्ही कधी ठरवलं नाही.) तिला बसवलं, कढईवरचं झाकण काढलं, तर भाजी हिरवीगार! जांभळा घेवडा शिजला की हिरवा होतो, हे नर्सरीवाल्यानं सांगितलं नव्हतं.

"भाभी, जामुनी कां गया?" ती कढईत वाकून शोधायला लागली. "तुमारे मियां खा गए क्या?"

तिसरा ठिपक्यांचा. त्याचंच पुढचं सगळं रामायण.

ठिपक्यांचा घेवडा माझ्या माहेरचा, कन्नडजवळचा. दाणा पांढरट, त्यावर तपकिरी शिंतोडे. उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा वहिनीनं राखेच्या डब्यातून बी काढून माझ्या ओंजळीत टाकलं. दोन वर्षं सगळा वेल त्यांच्या शेळीनंच फस्त केला होता, आणि बी एवढंच उरलं होतं.

"तुमच्या गच्चीवर शेळी चढत नाय," वहिनी म्हणाली. "भाऊबीजेला दुप्पट करून आणा. आणि वन्सं, ताटात गेलं ना, तर कन्नडच्या गाडीत बसायचं नाय."

हसत म्हणाली, पण डबा उपडा करून झटकून दाखवला. मागं काही उरलं नव्हतं.

मी जिवापाड सांभाळला तो वेल. कोवळी शेंगसुद्धा तोडली नाही. शेंगा वाळायला लागल्या तशी जुन्या परकराच्या चिंध्या फाडून एकेका घोसाला बांधल्या. आमच्याकडं बियाण्याच्या दोडक्याला, काकडीला अशीच चिंधी बांधतात. चिंधी दिसली की हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही कळतं.

पण आमच्या गच्चीवर चिंधीचा आणखी एक कायदा होता, आणि तो मीच केलेला. भाभीची आणि माझी गच्ची लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यासाठी तोडलेली जुडी मी त्या भिंतीवर ठेवते आणि वर चिंधी बांधते, म्हणजे नवरा ती उचलून आमच्याच फ्रीजमध्ये ठेवत नाही. चिंधी म्हणजे भाभीचं. वर्षभर असंच चाललं होतं. आणि ठिपक्यांचा वेल त्या भिंतीवरच पसरला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाभी डबा घेऊन आली. चेहरा असा फुललेला, जणू ईदच.

"भाभी, इत्ती चिंधियां बांधे तुम मेरे वास्ते! सूकी फल्ली थी, दाने निकालके गोश्त में डाली. चखो तो!"

मी डबा उघडला. रश्श्यात तपकिरी दाणे तरंगत होते. ठिपके शिजून गेले होते, पण ओळख पटायला ठिपक्यांची गरज नव्हती. समोर काय आहे हे पूर्ण कळत असताना मी एक दाणा तोंडात टाकला. पिठूळ, गोडसर, मटणाचा रस्सा पोटभर प्यालेला. मी दुसरा घेतला. मग तिसरा. मग मला हसू फुटलं आणि ते थांबेना.

हसत हसतच तिला बी, वहिनी, शेळी, भाऊबीज असं सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"या अल्ला! बकरी से बचाए, और मैं बकरी निकली!"

आणि ती धाडधाड जिना उतरून गेली. परत आली ती पातेलं घेऊन. अर्धे दाणे तिनं दुसऱ्या दिवसासाठी भिजत ठेवले होते. फुगलेले, टम्म, दोनचार तर फुटायच्या बेतात.

भिजलेलं बी आता वाळवून काही उपयोग नव्हता. मातीतच घालायला हवं होतं. घरातले कागदी कप संपले तेव्हा तिनं दुधाच्या पिशव्या आणल्या. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत दाणे टोचले. खाली तिचा नवरा आणि माझा नवरा पायरीवर बसून, आमचं काय चाललंय ते न विचारता, गोश्त संपवत होते.

भाऊबीजेला मी रोपांनी भरलेलं खोकं मांडीवर घेऊन कन्नडच्या एसटीत बसले. निम्मी रोपं गच्चीवर ठेवली होती, न जाणो. वेरूळच्या पुढं एका रोपाचा शेंडा समोरच्या सीटवरच्या बाबांच्या टोपीला जाऊन टेकला. त्यांनी वळून बघितलं.

"याचं तिकीट काढलं का, बाई?"

वहिनी दारातच उभी होती. खोक्यात डोकावली.

"बी मागितलं तर पोरं घेऊन आलात व्हय! बी कुठाय?"

मी सांगितलं. सगळं, गोश्तासकट. वहिनीनं खोकं माझ्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "कसं लागलं?"

"लई भारी."

"मग बरंय," म्हणाली, आणि वेल चढवायला न्हाणीच्या पत्र्यावरून दोऱ्या सोडायला लागली. शेळीला दावं आखूड केलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला तिचा फोन आला. शेंगा वाळल्या होत्या, बी राखेत गेलं होतं, डबा गच्च होता.

"चिंध्या बांधल्या होत्या का?" मी विचारलं.

"नाय," वहिनी म्हणाली. "तुमच्या भाभीला जेवायला बोलवायचंय. उगं घोटाळा नको."