जावेवर जळून आणलेली जपानी गिटार

मी जपानी गिटार विकत घेतली, कारण हळदीच्या मांडवात माझी धाकटी जाऊ फार ताठ बसते.

हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या कडावच्या आमच्या बेंजो पार्टीत दीर गिटार वाजवतो आणि आमचे हे खुळखुळा. दीर डावखुरा. साध्याच गिटारीच्या तारा उलट्या लावून, ती फिरवून वाजवतो. (छान वाजवतो. हे इथंच लिहिते, बोलणार नाही.) ह्यांनाही गिटार येते, पण स्वतःची नव्हती. जाऊ मात्र ऐकवणार, "आमचे हे नसले तर पार्टीच उभी राहत नाय."

मग शेलूच्या नव्या बिल्डिंगीत एक काका विजेवरची जुनी जपानी गिटार विकतायत असं कळलं. मी गेले. लालभडक, चकाकती.

"ताई, वाजवून बघा. मग खरं कळेल," काका म्हणाले.

"नको. नारळ फोडल्याबिगर आमी नवं वाद्य वाजवत नाय," मी जमिनीकडे बघत म्हटलं. (परक्या माणसाशी मी बोललेलं सर्वांत लांब वाक्य!) काका आणखी काही सांगत होते, तोवर मी पैसे देऊन, गिटार घेऊन दोन जिने उतरले होते.

घरी ह्यांनाही हात लावू दिला नाही. रविवारी अंगणात अख्खी पार्टी बोलावली, जावेला मुद्दाम समोर बसवलं. नारळ फुटला. ह्यांनी गिटार स्पीकरला जोडून गळ्यात घातली.

"अगं, जाड तार खाली कशी? बटणं वर कशी?"

"फिरवून धरा."

"आता माझे हात उलटे झाले."

पुन्हा सरळ केली, तर कोपर बटणाला लागलं आणि गिटार अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली.

दीर हळूच म्हणाला, "वहिनी, ही डावखुऱ्याची गिटार हाय."

"मग घे रं, तुझीच," असं म्हणून ह्यांनी ती देऊनही टाकली! मला विचारलंसुद्धा नाही. दिरानं वाजवली आणि अख्ख्या अंगणानं ठेका धरला. त्याची जुनी गिटार तारा पुन्हा सरळ लावून ह्यांना मिळाली. हे तेवढ्यावर खूश.

पुढच्या हळदीला कोंडाणे गावात जाऊ बायकांना सांगत होती, "सख्खी बहीण करणार नाय, ते ताईंनी केलं. आमच्या ह्यांच्यासाठी डावी गिटार हुडकत शेलूला गेल्या."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजली बिचारी. मी दातओठ खात होते. तेव्हापासून पंचक्रोशीत माझ्याएवढ्या मोठ्या मनाची जाऊ नाही.