एका मुठीचा माग

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भडगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होतो. धुळ्याहून तिची भाची बोलत होती. "मामा, अक्का गेली... झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "अगं, पण तारीख?" पलीकडे पोरगी रडायची थांबली. माझा राग आला असणार तिला. पण तिच्या जागी अक्का असती तर तिनेही आधी हेच विचारलं असतं. पुढच्याच आठवड्यात कोर्टात तिची साक्ष होती, आणि त्या साक्षीसाठीच ती इतकी वर्षं जीव धरून होती.

अक्का आणि मी पारोळ्याकडच्या एकाच गावचे, एकाच बौद्ध वस्तीतले. विहिरीवरून वाद झाला आणि एका दुपारी गावातल्या टोळक्याने आमची वस्ती पेटवून दिली. मी कॉलेजसाठी धुळ्याला होतो म्हणून वाचलो, आईवडील गेले. अक्का धुणं घेऊन नदीवर गेली होती. धूर बघून धावत आली, तेव्हा टोळक्याचा म्होरक्या तिच्या घराची कडी बाहेरून लावत होता. आत तिचा नवरा होता आणि तापाने निजलेलं लेकरू. म्होरक्या त्याच दिवशी पसार झाला. बाकीचे पुराव्याअभावी सुटले. मुख्य माणूस सापडू द्या, मग तुम्हाला बोलावू, असं अक्काला सांगण्यात आलं. पुढे त्याच्या घरच्यांनी तो परमुलखात वारल्याचं जाहीर केलं, दहावंही उरकलं, आणि कागद मिटले. प्रकरण आता पुन्हा कोर्टात आहे, म्हणून त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अक्काला हे मुळीच आवडलं नसतं. चारचौघांत त्या नावाने शिव्या घालायला तिने कधी आवाज खाली केला नाही.

ती धुळ्यात राहायला आली, पण निंदणी-वेचणीला मुद्दाम गावाकडे जायची. ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच शिवारात कशाला राबतेस, म्हणून मी चिडायचो. "मास्तर, तुन्ही शाळा तू देख," एवढंच उत्तर. एकदा माझ्या आईची आठवण निघाली आणि मला रडू कोसळलं, तर पाठीवरून हात फिरवणं राहिलं बाजूला, म्हणाली, "रडाले टाइम शे. आधी त्याले धुंड." मला तेव्हा ती दगडासारखी वाटली होती. तिला रडताना मी कधीच पाहिलं नाही, आणि आता वाटतं, एकदा तरी पाहायला हवं होतं...

एका श्रावणात ती तडक माझ्या दारात आली. कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ टाकतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. निंदताना म्होरक्याच्या भाऊबंदांतली एक सून सहज बोलून गेली होती की चुलतसासूबाई दरवर्षी धाकट्या लेकाबरोबर थोरल्याचीही मूठ टाकतात. थोरला म्हणजे तोच. अक्का उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "मरेल माणूसनी मूठ कोणी टाकस का, मास्तर? तो जित्ता शे." पाणी प्यायलाही बसली नाही. माझं डोकं पुढे चाललं ते तिच्यामुळेच. रोट भाऊबंदांशिवाय कोणाला चालत नाहीत आणि टाकूनही देता येत नाहीत. मूठ टाकली म्हणजे त्याच्या वाट्याचे रोट त्याच्यापर्यंत पोचत असणार.

पुढच्या श्रावणात कानबाईचं विसर्जन झालं आणि धाकटा भाऊ डबा घेऊन एसटीत चढला. आम्ही मागच्या सीटवर. अक्काने पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि वर मलाच दटावत होती की मास्तर, सरळ बस, चोरासारखा दिसतोस. जळगावला गाडी बदलून तो रावेरला उतरला आणि केळीच्या एका पॅकिंग शेडवर गेला. तिथला मुकादम पांढऱ्या दाढीचा, वाकलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा. वेगळं नाव, वेगळं गाव, आधार कार्डसुद्धा त्याच नावाचं. मजुरांना स्वतःच्या हाताने तंबाखू देत होता. मग त्याने हात धुतले, डबा उघडला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला. एका मजुराने थट्टा केली, "मुकादम, आज आमाले नाही का?" तो हसला, "आज नाही रे, घरचं आहे." मांडीवर पडलेला कणही त्याने उचलून तोंडात टाकला. अक्काने माझं मनगट इतकं आवळलं की मी कळवळलो. "तोच शे," ती म्हणाली.

वाटलं होतं, आता संपलं. कसलं संपतंय! आम्ही पोलिसांत कळवलं, अटक झाली, ओळख परेडमध्ये अक्काने न अडखळता त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि वय झालं म्हणून त्याला जामीन मिळाला. मी तो नव्हेच, हे त्याचं पालुपद. त्या सुनेने तर कानावर हात ठेवले. देवाची गोष्ट मी कोर्टात सांगायची का, म्हणाली. वकील मला समजावायचे की नावाचा गुंता तपासणीत सुटेल, पण कडी त्यानेच लावली हे अक्कानेच कोर्टात सांगायला हवं, पोलिसांपुढचा जबाब पुरेसा नाही. अक्का दर तारखेला धुतलेलं पांढरं लुगडं नेसून यायची. कधी त्यांचे वकील आजारी, कधी साहेब रजेवर. परतीच्या गाडीत ती तीच साक्ष मला ऐकवायची, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटच्या भेटीत मात्र मध्येच थांबली आणि म्हणाली, "मास्तर, आते दम लागस रे." मी म्हटलं, होईल या वेळी. मला तरी दुसरं काय म्हणता येणार होतं?

अक्काच्या नावाने विहारात पुण्यानुमोदन झालं आणि मी तिच्या मृत्यूचा दाखला घेऊन एकटाच कोर्टात गेलो. तो बाहेरच्या बाकावर बसला होता, शेजारी धाकटा भाऊ. पट्टेवाल्याने त्याचं खरं नाव पुकारलं. तो हलला नाही, परक्या कोणाला बोलावलं असावं तसा जमिनीकडे बघत बसला. भावाने दंडाला धरून उठवलं तेव्हा उठला. मग पट्टेवाल्याने साक्षीदाराचं नाव घेतलं. सुमनबाई... आणि त्याने झटकन मान वळवून जिन्याकडे पाहिलं. तिला शोधत होते त्याचे डोळे, घाबरलेले. पुन्हा पुकारा झाला. जिन्यावरून कोणी आलं नाही, आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले. मी ते पाहिलं. आत जाऊन वकिलांना सांगितलंही. त्यांनी माझ्या हातातला दाखला घेतला आणि म्हणाले, "मास्तर, याला साक्ष म्हणत नाहीत."