सहावा खडा

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. त्यांची भाची अलका म्हणाली, "मावशी सकाळी गेली. त्रास नाही झाला." मी "बरं" म्हणाले आणि उरलेले कपडे एकेक चिमटा लावून वाळत घातले. अशी कशी मी वागले, याची लाज नंतर वाटली. पण खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं झालं होतं... आता त्या मला काही विचारणार नव्हत्या.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी नगरला त्यांच्या खोलीवर जाऊन आले होते. उजवी मूठ नेहमीसारखी झाकलेली. बसता-बोलता मूठ झाकून ठेवायची त्यांची सवय त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होती, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची का?" अशी थट्टाही आम्ही करायचो. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मंदा, बोलू का?" मी पांघरूण सारखं करत म्हणाले, "आता नको, ताई. दम लागतोय तुम्हाला. पडून राहा."

हे "बोलू का?" कळायचं तर बहात्तर सालच्या दुष्काळात यावं लागेल. मी पुणतांब्याची, गोदाकाठची; अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि घरात रोज निघणाऱ्या स्थळांना विटलेली. कुमुदताई एका लहानशा सेवाभावी संस्थेत होत्या. आमच्यासारखी गावोगावची पोरं-पोरी वर्षभर हाताशी घ्यायची, काम करता करता त्यांना तयार करायचं आणि मग आपापल्या गावात उभं राहायला परत धाडायचं, हा त्यांचा उद्योग. आम्हाला त्या उमेदवार म्हणायच्या. भाषणं नाहीत, शिबिरातली गाणी नाहीत. सकाळी चहाच्या वेळी एकच प्रश्न, "आज ताबा कुणाचा?" ज्याचा ताबा, त्या दिवशी शब्द त्याचा. ताईसुद्धा त्याच्या हाताखाली. सांगितलं तर घमेली उचलायच्या, सांगितलं तर भाकरी थापायच्या. चूक दिसली तरी परस्पर टोकायचं नाही. आधी विचारायचं, "बोलू का?" ताबेवाल्यानं "आता नको" म्हटलं की विषय संपला. "चुकायला मिळालं नाही तर पोरं शिकणार कशी?" असं त्या म्हणायच्या, आणि आम्हाला ते फार थोर वाटायचं.

पाथर्डीच्या बाजूला एका गावची विहीर खोल करायचं काम आम्ही घेतलं होतं. एरवी ऊसतोडीला जाणारी माणसं त्या साली गावातच अडकलेली, तीच कामावर होती. सुरुंगाचं काम रामभाऊंकडे. तळाच्या कातळात छिद्रं पाडून दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं आणि लांब उभं राहून बार मोजायचे. मोजणी चुकू नये म्हणून ताईंनी एक पद्धत पाडली होती. जितके बार भरले तितके चुन्यानं रंगवलेले खडे ताबेवाल्याच्या हातात. एक बार उडाला की एक खडा डब्यात टाकायचा. हात रिकामा झाला की शिट्टी, आणि शिट्टी झाल्याशिवाय विहिरीत कुणी पाय ठेवायचा नाही.

त्या दिवशी ताबा माझा होता. बार सहा भरले होते, आवाज पाच झाले. आम्ही थांबलो. ऊन असं की डोक्यावरचा पदर तापलेला. रामभाऊ म्हणाले, "दोन संगट उडाले, पोरी. तिसऱ्याचा दणका लई मोठा हुता. वाजीव शिट्टी." नेहमी पहिल्यांदा उतरायचा तो दगडू. खांद्यावर पहार घेऊन हसत म्हणाला, "बाई, सांज करता का काय? घरी कारभारीन वाट बघती." सगळे हसले. पुरुषांच्या घोळक्यात मी एकटी पोर, हातात शिट्टी. मला ते हसणं झोंबलं. मुठीत एक खडा होता. तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, "मंदा, बोलू का?"

मी मागे वळलेसुद्धा नाही. "आता नको," म्हणाले. मूठ सैल करून खडा लुगड्याच्या काठाशी मातीत सोडला आणि शिट्टी वाजवली.

दगडूनं तळाला पहार मारली, आणि सहावा बार उडाला.

पंचनाम्याला मी सांगितलं, हात रिकामा होता, म्हणून शिट्टी वाजवली. धावपळीत डबा कधीच लवंडून खडे मातीत विखुरले होते. माझं म्हणणं खोडायला काही उरलं नव्हतं. ताई एवढंच म्हणाल्या, "ताबा माझा होता." कुणाचा ताबा त्यांनी काढून घेतल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. दगडूची बायको पारू, माझ्याच वयाची, कडेवर तान्हं. माझ्या गळ्यात पडून रडली, "तुजं काय चुकलं गं, बाई... तू तर समद्यास्नी थांबवून धरलं हुतंस."

पुढे मी माझ्या गावात उभी राहिले. सरपंच झाले, सत्कारही झाले. कुमुदताईंनी घडवलेली म्हणून लोक माझं नाव घेतात, आणि दर वेळी माझे कान बंद होतात. दिवाळीत कुठे फटाके वाजले की मी नकळत मोजते. पाचावर थांबले तर सहावा ऐकू येईपर्यंत घास गिळत नाही.

दहाव्याला अलकानं माझ्या हातात एक काडेपेटी दिली. "मावशीच्या मुठीत होता. बोटं उकलावी लागली. तुला काही कळतंय का?" आत खडा होता. खाचांमध्ये अजून चुना.

मी तो तळहातावर घेतला. त्या स्फोटानंतर माणसांच्या पायांखाली, त्या दगडधोंड्यांत तो खडा कुणाला सापडला नसता. म्हणजे तो आधीच उचललेला होता. मग आठवलं... मी शिट्टी तोंडाशी नेताना ताई माझ्या मागे वाकल्याचं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं. मला वाटलं, चप्पल सारखी करताहेत. दगडू पायऱ्या उतरत होता आणि खडा त्यांच्या मुठीत होता. एक हाक मारली असती तरी तो थांबला असता. त्यांनी नियम पाळला.

मला आयुष्यभर वाटलं, त्या मला जाब विचारतील. त्या दिवशी खोलीवर त्यांना माझ्याबद्दल बोलायचं होतं की स्वतःबद्दल, हे आता कधीच कळणार नाही. मी दोन्ही वेळा त्यांना बोलू दिलं नाही. दोघींनी मिळून एक माणूस मारला, आणि त्याचं ओझं एकटीनं मुठीत धरून त्या गेल्या.

काडेपेटी माझ्या टेबलावर आहे. सकाळी चहा घेताना मी तिच्याकडे बघते आणि तो प्रश्न ऐकू येतोच, आज ताबा कुणाचा? हा लेख छापून येईल त्या दिवशी मी पाथर्डीच्या एसटीत असेन. पारूला वाचता येत नाही. तिला तोंडानंच सांगायला हवं. दारात उभी राहून आधी विचारीन, "पारू, बोलू का?" ती नको म्हणाली, तरी या वेळी मी मूठ उघडणार आहे.