ढकलत नेलेली गाडी

दारू तपासायला पोलीस कुठल्या चौकात, किती वाजता मशीनमध्ये फुंकायला लावतात, हे मला तोंडपाठ आहे. मित्रांचा त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच आहे. शनिवारी रात्री सगळ्यांना गल्लीबोळांतून सुखरूप घरी पोहोचवण्याचं पुण्य माझ्या खात्यावर.

अक्कलकोट रोडवर सकाळी कामाला जाताना एक गृहस्थ रोज दिसायचे. टॉवेलच्या कारखान्यात रातपाळी, त्यामुळे भुवयांवर, कानांवर कापसाची पांढरी धूळ. पाळी सुटली की दिवसा झोप लागावी म्हणून थोडी घेणार आणि मग मोटरसायकल हातानं ढकलत दोन किलोमीटर घरी जाणार. पाय वाकडे पडायचे, गाडी मात्र सरळ. किल्ली शर्टाच्या खिशात आणि खिशाला वरून सेफ्टी पिन.

एकदा मला राहवलं नाही. स्कूटर थांबवून मी माझं ज्ञान त्यांना फुकट दिलं. "काका, पोलीस रात्रीचे असतात. सकाळी इथं कुणी पकडत नाही. बसा की बिनधास्त."

ते थांबले. वास आलाच.

"पोलीस रातीचं असत्यात, व्हय," ते म्हणाले. "पर पोरं शाळंला आत्ताच जात्यात की."

तेवढ्यात मागून पोरांनी खच्चून भरलेली रिक्षा आली. त्यांनी गाडी कडेच्या मातीत उतरवली, ब्रेक दाबून धरला आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"तुमी कशाला थांबलाव? जावा की. तुमी तर शुद्धीत हाय."