सासूबाईंच्या डोळ्यातली बाहुली

आष्टीत माझा दवाखाना आहे आणि दुपारी तो रिकामा असतो. त्या वेळात मी मोबाइलवर केस रिपोर्ट वाचते. कुठल्या पेशंटला काय भलतंच झालं आणि डॉक्टरांनी ते कसं ओळखलं, त्याच्या हकिकती. कुणाचा जुनाट खोकला म्हणजे श्वासनळीत अडकलेला सुपारीचा तुकडा निघतो, तर कुणाचं पुरळ घड्याळाच्या पट्ट्याने आलेलं असतं. मला भारी गोडी आहे त्याची. सासूबाईंना बिलकुल नाही. "दिवसभर लोकांची दुखणी ऐकती, मंग बसून परत दुखणीच वाचती. सिरियल तरी बघत जा गं," म्हणतात.

महाशिवरात्रीची गोष्ट. दुपारी घरी आले तर सासूबाई उन्हाकडे पाठ करून वाती वळत बसल्या होत्या आणि चिडल्या होत्या. "डाव्या डोळ्यानं जवळचं धुरकट दिसून राह्यलं. ऊन बी सोसंना." मी हनुवटी धरून त्यांचं तोंड वर केलं. डाव्या डोळ्यातली बाहुली केवढी तरी पसरलेली, काळीभोर. उजवी नेहमीसारखी. मोबाइलचा टॉर्च मारला. उजवी आकसली, डावी ढिम्म.

ज्यांना डॉक्टरी येत नाही त्यांचं बरं असतं. एकच बाहुली अशी पसरली की मेंदूत काही फुटलंय का, दाबलं जातंय का, हे आधी बघा, असं आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं. पापणी खाली आली नव्हती. डोळा चारी बाजूंना फिरत होता. हातपाय, बोलणं, चालणं, सगळं बराबर. डोकं दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या टॉर्चनं आता दुखंल." तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याला शाळेची सुट्टी होती, त्यांना म्हटलं, गाडी काढा, जालन्याला जायचंय.

"मी न्हाई येत. मला देवळात जायचंय."

"आई, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"डॉक्टर तू हायेस. सासू मी हाय."

"गाडीत बसा म्हणते ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण बाहेर आली. सासूबाई गुपचूप गाडीत बसल्या.

परतूर मागे पडलं. हे गाडी चालवता चालवता सारखे आरशातून आईकडे बघत होते. मला भीती वाटत होती, चांगलीच भीती. मग मी स्वतःवरच उखडले. अगं बाये, तू हिला धड एक प्रश्न तरी विचारलास का? दुसरा कुणी पेशंट असता तर पहिल्यापासून सगळं काढून घेतलं असतंस. म्हटलं, "आई, सकाळपासून काय काय केलं ते सांगा. काही गाळू नका."

त्या खुलल्याच. अंघोळ, सडा, दूधवाल्याशी झालेली कटकट, माझ्या हातून चिकट झालेला साबुदाणा. "मंग बांधावरून धोतऱ्याची फळं आणल्ती, त्याचे काटे काढत बसले."

"काटे कशाला काढता?"

"मंग काय तसंच काटेरी ठेवायचं पिंडीवर? देवाला टोचंल न्हाई का? नखानं एकेक खुडावं लागतं. माझ्या सासूनं शिकवलंय."

"हलाहल पचवणाऱ्याला धोतऱ्याचा काटा टोचणार होय!" हे म्हणाले.

"तू रस्ता बघ."

"आई, काटे काढताना डोळा चोळला का?"

"चोळला की. चिलट गेल्तं." आणि त्यांनी डावा डोळा दाखवला.

डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जो थेंब घालतात, त्याच जातीचं औषध धोतऱ्याच्या रसात असतं. शेतात तण उपटणाऱ्यांच्या असल्या केसेस मी वाचल्या होत्या. "मग वळवू का गाडी?" यांनी हसून विचारलं. पण माझा अंदाज खरा असेल तर फक्त एक हेलपाटा वाया जाणार होता, आणि चुकला तर सासूबाईच हातच्या जाणार होत्या. म्हटलं, सरळ चला.

जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि दोन्ही डोळ्यांत बाहुली लहान करणारा थेंब घातला. दोष मेंदूकडून येणाऱ्या नसेत असेल तर पसरलेली बाहुलीसुद्धा आकसते. रसाने धरून ठेवली असेल तर हलत नाही. मी समोर बसून एकटक बघत राहिले. उजवी बाहुली मोहरीएवढी झाली. डावी होती तशीच राहिली. औषध लागू पडलं नाही म्हणून आनंद होण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी चारचौघांत हुंदके देऊन रडले.

"अगं, बरी हाय ना मी? मंग कशाला रडून राह्यली?" सासूबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या.

डोकं दुखलं किंवा पापणी खाली आली तर जल्दी परत या, असं बजावून बाईंनी आम्हाला सोडलं. तसलं काही झालं नाही. थोड्या दिवसांत बाहुली जागेवर आली. पुढच्या वर्षी काटे काढायला सासूबाईंनी माझ्याच दवाखान्यातले हातमोजे आत्तापासून उचलून ठेवलेत.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ही केस आपण छापायला पाठवू, पेशंटची परवानगी तेवढी घ्या. मी मजकूर मराठीत करून सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"धोतरा लिहिला, थेंब लिहिला," त्या म्हणाल्या. "गाडीत तू माझा हात धरून बसल्ती, ते कुठंय?"

"ते लिहीत नसतात, आई. आणि मी नाडी बघत होते."

"जालना येईपर्यंत?"