पिशव्यांतली कणसं

आमच्या संशोधन केंद्रात बियाणं ठेवायचा एक मोठा फ्रीज होता, कपाटाएवढा. लाइट असली की व्होल्टेज नसायचं आणि व्होल्टेज आलं की फ्यूज उडायचा, त्यामुळं तो बहुतेक बंदच असायचा. शेवटी शिपायानं त्यात चहाची साखर ठेवायला सुरुवात केली, मुंग्या लागत नाहीत म्हणून. मी ओरडलो तर म्हणाला, "मंग बी ठिवा की सर, म्या कुठं न्हाई म्हन्लं?" घ्या! त्या फ्रीजच्या वर भिंतीला फलक होता, त्यावर उपग्रह, ड्रोन आणि दात दाखवून हसणारा शेतकरी. त्या फलकाखाली माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली.

मला रब्बी ज्वारीचं एक वाण काढायचं होतं. एकच. परतीचा पाऊस दगा देऊन गेला तरी पेरलेल्या माणसाला भाकर आणि जनावराला कडबा देईल असं. आमच्या जालन्याकडं पाऊस दगा देतो हे काय कुणाला सांगायला पाहिजे? दोन वाणांचा संकर करायचा, त्यातून निघालेलं बी पेरायचं, उगवलेल्या रोपांतली चांगली ताटं निवडायची, त्यांचंच बी पुढच्या साली पेरायचं. एका घरातली पोरं जशी एकासारखी एक नसतात तशी ही ताटं. त्यातलं एखादंच हवं तसं निघतं आणि ते हातचं गेलं तर तसंच दुसरं मिळेल याची काही हमी नाही. हे काम असं वर्षानुवर्षं चालतं. निवृत्ती जवळ आली होती आणि वाण काही निघत नव्हतं.

त्यात केंद्राची जमीन गेली. म्हणजे तिथं प्रशिक्षण भवन बांधलं. शेतकऱ्यांनी शेती कशी करावी हे एसीत बसून सांगायला. मी केंद्राच्या साहेबांना विचारलं, "माझा प्लॉट कुठं करू?" ते म्हणाले, "बघा ना कुठंतरी, ॲडजस्ट करा." तसा मी टेंभुर्णीच्या अलीकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं गेलो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. स्वतःच्या वावरातला विहिरीकडचा तुकडा त्यांनी मला दिला, वर म्हणाले, "सरकारचं काम हाय, त्याचा काय मोबदला घ्यायचा?" सरकारला त्यांची एवढी काळजी असती तर बरं झालं असतं.

ज्वारी फुलोऱ्यात आली की निवडलेल्या कणसांवर कागदाची पिशवी चढवावी लागते. शेजारच्या ताटाचे पराग येऊन बी भेसळ होऊ नये म्हणून. या पिशव्यांची मागणी मी दर साली वर पाठवायचो आणि दर साली ती वरच राहायची. मग रद्दीवाल्याकडून जुन्या उत्तरपत्रिका आणायच्या आणि बायकोनं खळ लावून पिशव्या करायच्या. "जगात लोक मंगळावर चालले," ती म्हणायची, "आणि आमचे हे नापास पोरांचे पेपर ज्वारीला घालून राह्यले." हसायची, पण पिशव्या नीट करायची. त्यावर मी बॉलपेननं ओळीचा आणि ताटाचा नंबर लिहायचो.

त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. मामांची स्वतःची ज्वारी बुडापासून करपली, कणसं पोचट राहिली. माझ्या प्लॉटातल्या ओळीही एकेक करून वाळल्या. एक ओळ मात्र वाळेना. तिची पानं शेवटपर्यंत हिरवी आणि कणीस भरगच्च. मी रोज मोटारसायकल हाणत जायचो, नुसतं बघायला. जवळ जाऊन पिशवी दाबली की आतले दाणे हाताला लागायचे. या वयात मला असा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "सापडलं बघ. आता फक्त पिकू दे. हे बी हातात आलं की मी सुटलो."

मामांना आणि मामींना मी बजावून ठेवलं होतं, पिशव्यांच्या कणसांना हात लावायचा नाही. त्यांनी कधी लावलाही नाही. त्या साली त्यांच्या घरात दुकानातनं ज्वारी आणून भाकरी होत होत्या, तरी नाही लावला.

मग वरून समिती आली. कोरडवाहू ज्वारीचं हे काम पुढं चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. पौष महिना. आता पौषात माणूस वावरात आला आणि हुरडा न खाता गेला, असं आमच्याकडं होत नाही. वैरी आला तरी त्याला हुरडा देतात. मी मामांना आधीच सांगून ठेवलं होतं, तुमच्या ज्वारीतली त्यातल्या त्यात बरी कणसं निवडून थोडा करा, चव घेण्यापुरता, म्हणजे मंडळींना बरं वाटेल आणि मग मी त्यांना ओळ दाखवतो. सगळी मदार त्या ओळीवर होती.

बाभळीखाली सतरंजी टाकलेली, बाजूला गोवऱ्यांची आगटी. मामा कणसं भाजत होते, मामी तळहातावर चोळून दाणे काढत होत्या. समितीचे अध्यक्ष साहेब मांडी घालून बसले आणि बोलायलाच लागले. येत्या काळात प्रत्येक गावावर ड्रोन फिरेल, प्रत्येक ताटाची माहिती मोबाईलवर येईल, कृत्रिम बुद्धिमत्ता सांगेल कधी पेरायचं. बोलता बोलता हात काळे झालेले, ओठ काळे झालेले. "वा! वा! काय गोडवा आहे," म्हणत मुठीमागून मूठ तोंडात. मीही खात होतो. दुधाळ, गरम, खरंच फार गोड. मनात म्हटलं, मामांची ज्वारी तर पोचट होती, एवढा भरलेला दाणा आला कुठून?

तेवढ्यात मामींनी माझ्यापुढं चटणी ठेवली. कागदावर. उत्तरपत्रिकेचा उकललेला कागद, कडेला वाळलेली खळ. कुणातरी पोरानं प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या चुकीची लिहिलेली, त्यावर लाल रेघ. आणि तिच्यावर बॉलपेननं, माझ्या अक्षरात, नंबर. त्या ओळीचा.

तोंडात घास होता. थुंकता येईना, गिळवेना. अध्यक्ष साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "खा की हो, लाजता काय?" मी गिळला.

लघवीच्या निमित्तानं उठलो आणि प्लॉटकडं पळालो. ओळ हिरवीगार उभी होती. एकाही ताटाला कणीस नव्हतं.

मामा मागून आले. त्यांना वाटलं मी खूश होऊन बघायला आलोय. "बराबर केलं ना सर? आमची तं बिलकुल दाखवण्यासारखी न्हवती. एवढे मोठे पाव्हणे, त्यायच्यापुढं पोचट कणसं ठेवली असती तर तुमची इज्जत गेली असती. मंग म्हन्लं, सरांनी ही कागदात राखली ती कशासाठी?"

"मामा, मी हात लावू नका म्हणालो होतो!"

"आम्ही कुठं लावला? एक दाना खाल्ला न्हाई घरात. पाव्हण्यालाच दिलं."

माझं डोकं फिरलं होतं. या माणसाला खाली पाडून बदडावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हात गळून पडले. चांगलं ते राखून कुणासाठी ठेवतात? आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? बिनटवक्याचा कप, नवी चादर, डब्यातली बर्फी, सगळं पाव्हण्यांसाठीच तर राखलेलं असतं. घरातलं पोर बर्फीकडं बघत राहतं आणि पाव्हणा नको नको म्हणत खातो. मामांनी त्यात वेगळं काहीच केलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं ते काय होतं. तेव्हा ते मटकन बांधावर बसले. "एखादं ऱ्हायलं आसंल," म्हणाले, आणि ताटं वाकवून वाकवून बघायला लागले. मामी तिकडं आगटीशेजारच्या भुसकटात बोटं घालून दाणे शोधायला लागल्या. मंडळींना वाटलं, आणखी हुरडा येतोय. सापडले ते दाणे भाजलेले. भाजलेलं काही उगवत नाही.

समितीबरोबर आलेल्या आमच्या केंद्राच्या साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "आता गप बसा. समितीनं तुमचं वाण खाल्लं असं रिपोर्टमध्ये लिहायचं का?" मग समितीला मी ती बिनकणसांची ओळ दाखवली. "हिरवी राहते," म्हणालो. "उत्पन्न किती?" त्यांनी विचारलं. दाखवायला कणीस नव्हतं. कुणीतरी वहीत काहीतरी लिहिलं आणि मंडळी गाडीत बसली. मामांनी सगळ्यांना टोप्या घातल्या होत्या आणि नारळ दिले होते.

काम बंद झालं. पैसा दुसऱ्या योजनेकडं वळवला, ड्रोनच्या. मागच्या पिढीचं उरलेलं थोडं बी माझ्याकडं होतं, पण तिथनं पुन्हा सुरुवात करायची तर तेवढी नोकरी उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर उमेदही नव्हती. मामा दोन-चारदा घरी आले. बसायचे, चहा प्यायचे, उठून जायचे. मलाच त्यांना हसवावं लागायचं आणि मला ते जमायचं नाही. थकलो होतो मी.

उन्हाळ्यात फोन आला. तेच अध्यक्ष साहेब. आवाज एकदम प्रेमाचा. गावाकडं त्यांनी थोडी जमीन घेतली होती, हौस म्हणून. "अहो, त्या दिवशीचा हुरडा अजून तोंडात आहे. असा आयुष्यात खाल्ला नाही. बी पाठवता का थोडं?"

"साहेब, त्याचं बी उरलं नाही."

"उरलं नाही म्हणजे? इतकं सुंदर वाण, दुष्काळात असा दाणा, आणि तुम्ही बी राखलं नाही?" ते खरोखर चिडले. "आपल्या देशाचं हेच आहे बघा. हाती आलेलं चांगलं काही सांभाळता येत नाही आपल्याला. आणि तुम्ही तर शास्त्रज्ञ म्हणवता."

मी म्हणालो, "चुकलं साहेब."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.